पाठमोरी बैठक

१

कुत्रा पाळायची हौस मला कधीच नव्हती. माझा धंदा कपडे दुरुस्तीचा, एका बाईंच्या दुकानात. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, लग्नातला कोट दहा वर्षांनी पुन्हा अंगात शिरवून द्यायचा. त्यात केसाळ जनावर घरात आणणं म्हणजे आपल्या हाताने गिऱ्हाइकं पळवणं. पण हे गेले, म्हणजे माझे मिस्टर, आणि घर असं काही गप्प झालं की कुलूप उघडल्याचा आवाजसुद्धा मला मोठा वाटायला लागला.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू भिंतींशी बोलायला लागली आहेस."

म्हटलं, "भिंती निदान मधे तोंड घालत नाहीत."

तिला हसू आलं नाही. तिनेच मग बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याचा पत्ता पाठवला.

तिथल्या बाईंचा आवाज दिवसभर भुंकण्यावर ओरडून पार बसलेला. त्यांनी मला सगळे पिंजरे दाखवले. एकजात सगळी कुत्री जाळीवर उड्या मारत होती, जीभ काढून नाचत होती. एक तेवढा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. तपकिरी, काटकुळा, एक कान दुमडलेला. मी थांबले तशा बाई म्हणाल्या, "ताई, हा नका घेऊ. दोन घरांनी परत आणून सोडलाय. भीती बसली की हा अन्नपाणी सोडतो. आता आणखी एका घरातून परत आला तर पुन्हा उठेल असं मला वाटत नाही."

"हाच द्या," मी म्हटलं.

का म्हणाल तर ते उड्या मारणारे होते ना, त्यांना कुणीही चाललं असतं. मला असं कुणीतरी हवं होतं, की जे घाबरेल, विचार करेल, आणि मग आपणहून माझ्याजवळ येईल. माझ्याच.

बाईंनी मला पद्धत शिकवली. घरातली शांत खोली निवडायची. दार किलकिलं ठेवायचं, कोंडल्यासारखं वाटायला नको. रोज ठरलेल्या वेळी त्याला तिथे नेऊन ठेवायचं आणि त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं. एक हात मागे, तळवा वर, उघडा. हळू बोललं तरी चालेल.

"आणि काहीही झालं तरी वळून बघायचं नाही," बाई म्हणाल्या. "हाताला लागला, पाठीला टेकला, तरी नाही. घाबरलेल्या जिवाला नजर सोसत नाही. एकदा वळून बघितलंत की सगळी मेहनत पाण्यात. परत म्हणून जवळ यायचा नाही."

"न बघणं जमेल. हळू बोलणं कठीण आहे," मी म्हटलं. त्या मात्र हसल्या.

२

नाव मी ठेवलं रावसाहेब. सगळं जागेवर नेऊन द्यावं लागायचं ना, म्हणून. सकाळी उचलून खाली अंगणात न्यायचं, उचलून वर आणायचं. एरवी स्वारी स्वयंपाकघरात ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून.

शांत खोली म्हणजे मागची. ह्यांची. पलंग मी केव्हाच काढून टाकला होता. आता तिथे फक्त लोखंडी कपाट, आणि कपाट आणि भिंतीच्या मधे जो कोपरा उरतो, तिथे रावसाहेबांची गादी आणि वाडगा. मी दुकानातून यायचे, चहा प्यायचे, त्यांना उचलून गादीवर ठेवायचे, आणि समोरच्या भिंतीपाशी, खिडकीखाली, कोपऱ्याकडे पाठ करून बसायचे. भिंतीला पोपडे आलेत. एक पोपडा अगदी उलट्या बुटासारखा आहे. तो मला आता पाठ झालाय.

सुरुवातीला नखांची टकटक ऐकू यायची. इकडून तिकडे, भराभर. मग शांत. मी म्हणायचे, बसला. आणि मग आपली दुकानातली रडगाणी लावायचे. "आज एक बाई आल्या होत्या, रावसाहेब. म्हणे कापड आटलंय. कापड नाही हो आटलं, मी म्हणणार होते, पण जीभ आवरली." असं काहीबाही. उजेड कमी व्हायला लागला की मागे न बघता उठायचं. मी स्वयंपाकघरात पोचावं तर हे महाशय माझ्याआधी ओट्याखाली हजर. चपळ आहे बेटा, मी म्हणायचे.

आणि एका संध्याकाळी माझ्या तळव्याला काहीतरी लागलं.

कोरडं, खरखरीत. अलगद टेकलं आणि राहिलं. पंजा! बोट हलवायची छाती झाली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायलाही मी हात उचलला नाही. किती वर्षांनी कुणीतरी आपणहून हात लावला होता मला.

त्यानंतर रोज. आणि मग पाठीला टेकणंही सुरू झालं. आधी नुसतं चाचपून बघितल्यासारखं, मग चांगलं अंग सोडून. मी समोरच्या बिऱ्हाडातल्या ड्रायव्हर भावजींना सांगितलं, मुलीला सांगितलं, दुकानात येणाऱ्या परक्या माणसांनासुद्धा सांगितलं. माझा नुसता आनंदीआनंद चालला होता.

३

निवाऱ्यातल्या बाईंना फोन केला तेव्हा त्या आधी खूश झाल्या. मग म्हणाल्या, "खातोय ना नीट?"

"तेच तर. वाडग्यातला भात जसाच्या तसा. पाणीसुद्धा नाही. ओट्याखाली ठेवलं तर रात्रीतून दोन घास खातो, बस."

त्यांनी पुन्हा विचारलं, "पाठीला टेकतो आणि त्या खोलीत खात नाही? असं होत नाही ताई. आधी खातात, मग टेकतात. उलटं कधी बघितलं नाही मी."

"असेल एखादा उलट्या डोक्याचा," मी म्हटलं. "माणसात नसतात का?"

फोन ठेवला आणि हसले. पण मनात कुठेतरी टाका उसवला.

त्या दिवशी मी काळा ब्लाउज घातला होता. दुकानात जायचं तर कपड्यावर एक तूस मला चालत नाही, म्हणून रोज रात्री कपडे उजेडात धरून बघायची सवय. पुढच्या बाजूला तपकिरी केसच केस, उचलून आणलेला ना. मागची बाजू मात्र स्वच्छ. एक केस नाही. तासभर टेकून बसलेला कुत्रा, आणि पाठीवर एक केस नाही?

ब्लाउज पुन्हा झटकला, पुन्हा बघितला. मग स्वतःलाच झापलं. बाई गं, वय झालं, नीट दिसत नाही तुला, चष्म्याचा नंबर बघून घे.

झोप मात्र लागेना. कारण आणखी एक गोष्ट होती, जी मी स्वतःलाही बोलून दाखवली नव्हती. आम्ही दोघं जमिनीवर बसलो तर रावसाहेब माझ्या कमरेएवढे. आणि वजन यायचं ते खांद्यांवर.

४

ह्यांच्याबद्दल सांगायला हवं.

शेवटची वर्षं ह्यांना काही आठवेना. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मुलगी, आणि सगळ्यात शेवटी मी. डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, वाढतच जाणार. तो वाढला तसे हे घाबरत गेले. घरात कुणी परकी बाई फिरते आहे असंच वाटायचं त्यांना. कपाट आणि भिंतीच्या मधे जाऊन बसायचे. मी जवळ गेले की हात उगारायचे. एकदा असा काही फटका बसला की माझं मनगट मोडलं.

त्यानंतर मीही घाबरायला लागले. सरळच सांगते. ज्या माणसाने आयुष्यात आवाज चढवला नव्हता, त्याला मी घाबरायचे. ताट दाराशी ठेवून आत सरकवायचे. त्यांच्याकडे बघायचे नाही, बघितलं की ते चिडायचे. ते कोपऱ्यात, मी दारात, आणि मधे सगळी खोली. गेले तेव्हाही तसेच. हात धरायला मिळाला तो सगळं संपल्यावर, आणि तेव्हा त्याचा दोघांनाही काही उपयोग नव्हता.

माझं मन अजून तिथेच अडकलंय. माणूस गेलं ते सोसता येतं हो. पण जाताना ते मला घाबरत होतं, हे नाही सोसता येत.

५

एक दिवस मी नेहमीसारखी बसले होते. तळव्यावर ते खरखरीत, पाठीला वजन. दुकानाच्या मालकिणीच्या नकला करून दाखवत होते. तेवढ्यात बाहेरच्या दारातून ड्रायव्हर भावजींची हाक आली.

"वहिनी! अहो, तुमचे रावसाहेब इथे माझ्या पायपुसण्यावर येऊन बसलेत! दार नीट लागलं नाही वाटतं. किती कापतोय बिचारा!"

मी हात मागेच ठेवला.

वजन तसंच होतं. माझ्या दोन्ही खांद्यांवर, भरभक्कम. मी त्या उलट्या बुटाच्या पोपड्याकडे बघत राहिले आणि पाठीनेच मागचा अंदाज घ्यायला लागले. रुंद. हाडं जाणवणारं. श्वास घेतल्यासारखं हलत नव्हतं. ऊब नाही, गारवाही नाही. नुसतं कुणीतरी टेकलेलं.

"वहिनी? घरात आहात ना?"

"आले," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. हळूच पुढे सरकले, गुडघ्यांवर उभी राहिले, आणि भिंतीला धरून, मागे न बघता, दाराबाहेर आले.

भावजींच्या पायांशी रावसाहेब मुटकुळं करून पडले होते. मी उचलायला वाकले, तर त्यांनी माझ्या खांद्याचा वास घेतला आणि तिथल्या तिथे मुतले. जनावर माझ्याकडे बघून नाही, माझ्या मागे बघून रडत होतं.

"पाठ का धरलीत हो, वहिनी?" भावजींनी विचारलं.

"मशीनवर बसून बसून आखडते," मी म्हटलं. आणि त्या रात्री मी स्वतःलाही हेच सांगितलं. शिवणाऱ्या बाईची पाठ आहे, आखडणार, जड होणार. हाताला मुंग्या येतात. शहाण्या बाईने असाच विचार करायला हवा.

६

दुसऱ्या दिवशी मी रावसाहेबांना स्वयंपाकघरात ठेवलं, दार ओढून बाहेरून कडी घातली, आणि एकटी जाऊन बसले. तळवा मागे. म्हटलं, काही नसेल तर काही येणार नाही, आणि मी डॉक्टरकडे पाठ दाखवायला जाईन.

आलं. नेहमीपेक्षा लवकर आलं. सवय झाल्यासारखं.

माझ्या सर्वांगावर काटा उभा राहिला. दात वाजायला लागले. पळून जावं असं वाटलं, पण मी बसून राहिले. मग कधीतरी मी हळूच म्हटलं, "अहो?"

तळव्यावर जे होतं त्याने जरासा दाब दिला. बस, एवढंच.

भीती गेली असं म्हणणार नाही. पण तिच्यासोबत दुसरंही काहीतरी भरून आलं आणि ते मोठं होतं. मी ढसाढसा रडले. "घाबरू नका हं," मी म्हणत होते. "मी काही करत नाही. मी बघतसुद्धा नाही." इतकी वर्षं जे साधलं नाही, ते एका परक्या बाईने शिकवलेल्या कुत्र्याच्या पद्धतीने साधलं होतं. ते मला घाबरत नव्हते. माझ्याजवळ आले होते.

मग काय, मी वेडी झाले म्हणा ना. दुकानातून लवकर निघायला लागले. चहासुद्धा नंतर. पोरीचं बाळंतपण, ह्यांच्या जुन्या मित्रांच्या खबरी, सगळं सगळं सांगून झालं. संसारात जेवढं बोलले नसेन तेवढं बोलले.

आणि स्वयंपाकघरात रावसाहेब मरायला टेकले.

मी त्या खोलीतून आले की ते माझ्या अंगाला नाक लावायचे आणि सिलिंडरमागे आणखी आत घुसायचे. रात्रीचे दोन घासही बंद झाले. उकडलेलं अंडं मोडून तोंडाशी धरलं तर तोंड फिरवलं. मीच निवाऱ्यातल्या बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी रावसाहेबांच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"पाणी संपलंय ह्याच्या अंगातलं," त्या म्हणाल्या. "ताई, ह्या घरात ह्याला कशाची तरी भीती आहे. कशाची ते तुम्हीच बघा. उद्या मी गाडी घेऊन येते. तोवर प्यायला तर ठीक. नाहीतर घेऊन जाईन, पण…" त्यांनी ओट्याखाली हात घालून त्याच्या दुमडलेल्या कानाला नुसतं बोट लावलं आणि गेल्या.

कशाची ते मला माहीत होतं.

मी ओट्यासमोर फरशीवर आडवी झाले. सिलिंडरच्या मागून एक डोळा दिसत होता. माझ्याकडेच बघत होता. त्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. त्याने मागितलं काहीच नव्हतं. मीच त्याला ह्या घरात आणलं होतं, मला कुणीतरी हवं होतं म्हणून.

७

त्याच दुपारी, चांगल्या उजेडात, स्वयंपाकघराला कडी घालून मी मागच्या खोलीत जाऊन बसले. हात मागे केला. वजन आलं.

"अहो," मी म्हटलं, "आता तुम्ही जा."

वजन हललं नाही.

"तुमचं सगळं झालं. त्याचं अजून व्हायचंय. तो बिचारा उपाशी मरतोय हो. तुम्हाला कुत्रं आवडायचं. मीच कधी आणू दिलं नाही." मला हुंदका आवरेना. "मी काही तुम्हाला हाकलत नाही. मला तर तुम्ही जायलाच नको आहात. पण जा."

तळव्यावर नुसता दाब. गेला नाही तो माणूस. इतक्या खटाटोपाने जवळ आलेलं कुणी असं सांगून जातं का?

मग एकच उपाय उरला. बाईंनी पहिल्याच दिवशी करू नका म्हणून बजावलं होतं तोच. मला कळत होतं काय होणार ते. परत म्हणून जवळ यायचे नाहीत. आणि काय दिसेल तेही मी मनात धरून ठेवलं होतं. तोंडावर आडवा घेतलेला हात. ते डोळे. आयुष्यभर तेवढं एक दृश्य पुरेल अशी मनाची तयारी केली, आणि मी वळले.

पाठ दिसली.

पांढऱ्या बनियनमधली पाठ, आणि मानेवर मीच वेडेवाकडे कापलेले केस. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. मांडी घालून, तोंड कपाटाकडे, मान खाली. एक हात मागे केलेला, तळवा वर, उघडा. माझ्या हातात होता तो तोच.

बघत नव्हते. इतके दिवस एकदाही बघितलं नव्हतं त्यांनी. मी घाबरू नये म्हणून.

मी "अहो" म्हणेपर्यंत तिथे कपाट होतं, आणि गादी, आणि भाताचा वाडगा.

८

स्वयंपाकघराची कडी कधी काढली ते आठवत नाही. मी मागच्या खोलीतल्या कोपऱ्यात बसून होते, आणि नखांची टकटक आली. दाराशी थांबली. मग आत आली. रावसाहेब माझ्या अंगावरून वाडग्याकडे गेले आणि भात खायला लागले, मचमच आवाज करत. पाणी प्यायले, सगळीकडे सांडत. आणि मग तोंड न पुसता माझ्या मांडीवर येऊन पडले.

निवाऱ्यातल्या बाई दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आल्या त्या रिकाम्या हाती गेल्या. "जादू केलीत ताई," म्हणाल्या. "कसं काय जमलं?" मी म्हटलं, जमलं आपलं. मुलीला फोनवर भुंकणं ऐकवलं. तीही रडली, मीही रडले. ती आनंदाने रडत होती.

आता तो घरभर फिरतो. दोऱ्याची रिळं पळवतो, भावजींच्या चपला पळवतो. मी आले की नाचतो. जीव लावलाय त्याने मला, आणि मीही त्याला लावलाय, खोटं बोलणार नाही.

दुपारी मात्र त्याला मागची खोलीच लागते. तिथे कपाट आणि भिंतीच्या मधे गादीवर उताणा पडतो, चारी पाय वर. घरी असले की मी जाऊन दारात उभी राहते. वाटतं, एकदा तरी ह्याने कान टवकारावेत. एकदा तरी मानेवरचे केस उभे राहावेत, अंगाला कापरं सुटावं, माझ्या मागे कुठेतरी बघून रडावं. मी पुष्कळ वेळ थांबते.

तो डोळासुद्धा उघडत नाही. घोरत असतो.